तात्याबाच्या ट्रॅक्टरचा ठोका

कळंबच्या सोनबा मिस्त्रीला आवाजाची विद्या मिळाली ती मेंढरांकडून. धनगराचं पोर. कळपात एखादं मेंढरू खोकलं की त्याचा बाप वळूनही न बघता सांगायचा, हे धुळीनं खोकतंय, ह्याला रोगानं धरलंय. पोरानं तेच पुढं इंजिनाला लावलं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पाने-पकडी पुसता पुसता शिकला आणि स्वतःच्या हिमतीवर ट्रॅक्टर खोलू लागला. मेंढक्याची काठी तेवढी हातातनं सुटली नाही. काठीचं एक टोक चालू इंजिनावर ठेवायचा, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दोन नंबरचं नोजल." खोललं की तेच निघायचं. इंदापुरापासून बारामतीपर्यंत माणसं म्हणायची, सोनबा इंजिनाची नाडी बघतो.

फुटक्या सायलेन्सरच्या इंजिनांना अठ्ठावीस वर्षं कान लावून शहाण्णव सालापर्यंत उजवा कान पार गेला होता, डावा निम्मा. हे ठाऊक होतं एकट्या सारजाला, त्याच्या बायकोला. "भाकरी वाढू का म्हणलं, तर ह्यो मानूस म्हणतोय, एसटीनं जाईन," ती म्हणायची. आधी हसून, मग न हसता. चारचौघांत मात्र तिनं कधी ब्र काढला नाही. मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर मिस्त्रीचं मागं राहतं काय? सोनबा धुराचा रंग बघून, ऑईल बोटांत चोळून वेळ मारून न्यायचा.

त्या पौषात डाळजहून झुंबरचा सांगावा आला. झुंबर ही तात्याबाची बायको. तात्याबा म्हणजे सोनबाबरोबर मेंढरं राखलेला मैतर. पाच वर्षांमागं काविळीनं गेला. तेव्हापासून त्याचा ट्रॅक्टर बाभळीखाली उभा होता. परदेशी बनावटीचा, घेतला तेव्हाच जुना. दीडशे मेंढरांचा सगळा कळप विकून आणलेला. झुंबरच्या माहेरच्या वीस मेंढ्याही त्यातच गेल्या होत्या. त्या कळपाचं आता एवढंच उरलं होतं. तिचा मुलगा नागेश रोज मोटारसायकलवर बारामतीच्या एमआयडीसीत जायचा. त्याला ही अडगळ नको होती. "चालू झाला तर ठेव आई, न्हायतर रविवारी भंगारवाल्याचा ट्रक येतोय," त्यानं बजावलं होतं.

सोनबा मंगळवारी पोचला. टायर मातीत रुतलेले. एअर क्लीनरमध्ये उंदरानं पिलं घातलेली. टाकीतलं डिझेल काकवीसारखं झालेलं आणि इंजिन जाम. त्यानं डिझेल फवारणारी नोजलं काढली, भोकांतनं रॉकेल आणि ऑईल ओतलं आणि दोन दिवस मुरू दिलं. झुंबर चहा आणायची आणि विचारायची, "अंग सोडलं का?" जणू अडलेल्या मेंढीचीच चौकशी. शुक्रवारी हँडल टाकून रेटा दिला तेव्हा इंजिन करकरत इंचभर फिरलं. मग टाकी धुतली, ऑईल बदललं, पाइपांतली हवा काढली. शनिवारी दुपारी नागेशनं शेजाऱ्याची बॅटरी आणली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, मागनं निळा, आणि इंजिनानं धरलं.

"बोलला," झुंबर पदर तोंडाला लावून म्हणाली.

नागेशच्या कपाळाला मात्र आठी पडली. "मिस्त्रीआबा, ह्यो ठोका कसला?"

ओठांवरनं सोनबाला प्रश्न कळला. ठोका काही कळला नाही. त्याला नुसता घुमारा ऐकू येत होता, लांबच्या हायवेसारखा एकसुरी. त्यानं काठी लावली, उजव्या कानाला, मग डाव्या. काठी थरथरत होती, पण बोलत नव्हती.

दोनांतलं एक असणार. व्हॉल्व्हचं टॅपेट सैल असलं तर चहा होईतो निपटणारं पान्याचं काम. आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या कण्याचं, बेअरिंग गेलं असलं तर सगळं संपलं. तो क्रँक दोनदा घासून झाला होता; दुसऱ्यांदा सोनबानंच बारामतीहून शेवटच्या मापाला घासून आणलेला. आता घासायला त्यात लोखंड उरलं नव्हतं, आणि तसला दुसरा कुठं भंगारातही सापडत नव्हता.

'टॅपेट हाय' हे त्याच्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर ट्रॅक्टर राहिला असता आणि कानाचीही झाकली मूठ राहिली असती. पण ठोका बेअरिंगचा असला तर नांगराच्या दुसऱ्या तासाला रॉड इंजिन फोडून बाहेर येणार.

"वैनी, हिकडं या," तो म्हणाला. "मी एकेका नोजलच्या पाइपाचा नट सैल करतो. त्येवढ्या सिलिंडरचं डिझेल तुटंल. ठोका तसाच ऱ्हातोय का थांबतोय, मला सांगा."

"आन तुमी?"

"मला ऐकू येत न्हाय."

नागेशनं गर्रकन मान वळवली. झुंबर म्हणाली, "तरीच. चार दिस साखर हाय का इचारतीया, तर तुमी मान डोलवताय. दोनदा बिनसाखरंचा प्यालात भावजी."

टॅपेटची टकटक डिझेल तोडलं तरी थांबत नाही. बेअरिंगचा ठोका मात्र डिझेल तुटून भार गेला की गप होतो. हे त्यानं तिला सांगितलं नाही. त्यानं पहिला नट सैल केला.

"हाय तसाच," झुंबर म्हणाली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तिनं मान तिरकी केली. ह्या ट्रॅक्टरचा आवाज लांब भिगवणच्या वाटंवर आला की ती तवा चुलीवर ठेवायची, सतरा वर्षं. तिचा चेहरा उजळला. "थांबला. थांबला की भावजी. बरा झाला."

सोनबानं नट आवळला. "आला परत," ती म्हणाली. त्यानं सैल केला. "गेला." त्यानं आणखी एकदा केलं. त्याची काही गरज नव्हती.

"वैनी, थांबाय नको हुता," तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं म्हणाला. "बेअरिंग गेलंया. क्रँक खाल्लाय. आता हे व्हायचं न्हाय."

नागेशनं इंजिन बंद करायला हात घातला, तो झुंबरनं मनगटाला धरला.

"ऱ्हाऊ दे. टाकीत घातलंया तेवढं डिझेल संपंस्तवर चालू दे. उद्या न्येणारच हायती."

ती समोरच्या दगडावर बसली. सोनबानं उघडा नट आवळला, काठी बाभळीला टेकवली आणि मडगार्डवर तळहात ठेवून उभा राहिला. ऊन उतरलं. हाताखालचा पत्रा एकदा जोरात हिसकला आणि निपचित झाला; डिझेल संपलं. त्यानं झुंबरकडं पाहिलं. ती अजून मान तिरकी करून बसली होती.