सटवाजीची दोनशे सहा वाक्यं

निलमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सेनगावच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. शेजारचा गाळा घेऊन तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीची पाटी लावली, ती नेमकी माझ्या पाटीवर अर्धी आली. मी तिला चार शब्द सुनावले, तिनं मला सहा. संध्याकाळी तीच चहा घेऊन आली. याला आता आठ वर्षं झाली. ती मला मावशी म्हणते आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकर माझी असते.

एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी तिला न विचारताच तिचं लग्न लावून दिलं आणि एकविसाव्या वर्षी ती परत आली. "काहून आलीस गं?" असं विचारणाऱ्या बायकांना ती सांगायची, "बस भेटली म्हणून." पुढं हिंगोलीत जाऊन हे काम शिकली. पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक पाप घडलं. एका शिक्षिकाबाईंचा प्रोग्राम सुरू होईना, म्हणून हिनं त्याचं फोल्डरच उडवलं. प्रोग्राम सुरू झाला, पण बाईंनी खेड्यापाड्यांत फिरून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याच फोल्डरात होत्या. बाई रागावल्या नाहीत, नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या. निलम दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून तिचा नियम एकच: पुसायचं काहीच नाही. आधी नाव बदलायचं, मग हात लावायचा.

दसऱ्याच्या सकाळी साडेआठला मी दुकानाला तोरण लावत होते, तेवढ्यात मंजुळाबाई धापा टाकत ऑटोतून उतरली.

"निलम, चाल बाई. त्येंची वाचाच गेली!"

मंजुळाबाईचा नवरा सटवाजी. बावीस वर्षं सेनगाव-हिंगोली जीप चालवणारा. त्यानं "हिंगोली हिंगोली हिंगोली!" अशी आरोळी दिली की झोपलेला माणूससुद्धा पिशवी घेऊन उठायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, जगायचं तर आवाज द्यावा लागेल. ऑपरेशनच्या आधी चार दिवस तो निलमच्या दुकानात येऊन बसला आणि त्यानं आपल्याच आवाजात दोनशे सहा वाक्यं भरली. मध्ये खडखड नको म्हणून मी चार दिवस माझं मशीन बंद ठेवलं होतं. निलमनं ती वाक्यं एका जुन्या लॅपटॉपवर बटणांच्या प्रोग्राममध्ये बसवली. बटण दाबलं की सटवाजी बोलतो. "पाणी दे." "लाईट गेली का?" "गप बस."

त्या दिवशी अकराला त्याच्या लेकीची, वैष्णवीची सुपारी फुटायची होती, लग्न पक्कं व्हायचं होतं. पाहुणे कनेरगाव नाक्याहून यायचे होते. आणि सकाळपासून तो प्रोग्राम उघडतच नव्हता.

"काल काय केलं होतं त्याला?" ऑटोत निलमनं विचारलं.

"काल खंडेनवमी न्हाई का? पूजा केली. जीपची व्हायची, तशी त्येची केली. पाणी शिंपडायचं, करंट बसंल म्हणून आधी वायर उपसली."

"प्रोग्राम चालू असताना?"

"हे बटणं मागंपुढं करून राहिले होते. मी म्हणलं आज त्याला इसावा, अन् उपसली."

निलमनं डोळे मिटले. त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. तो चालायचा तो वायरवर, आणि वायर उपसली की जागच्या जागी बंद. कोणत्या बटणावर कोणतं वाक्य, ही यादी लिहिली जात असतानाच त्याचा जीव गेला होता. बाईनं भक्तीपोटी केलं, तिला काय बोलणार? पण मला राग आलाच. दुसरी कॉपी तुझ्याकडं असेल ना, असं मी निलमला विचारलं, तर ती खालच्या आवाजात म्हणाली, "दुकानातली डिस्क उन्हाळ्यात गेली, मावशी. नवी कॉपी करायची राहिली." दिव्याखाली अंधार, दुसरं काय! वाक्यं आता फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती.

घरी पोचलो तर सटवाजीचा पुतण्या बालाजी लॅपटॉपला भिडलेला. पुण्याहून आला होता आणि पुण्याहून आलेल्याला सगळं येतं.

"काढून परत टाकतो काकू, पाच मिनिटांचं काम हाय," तो म्हणाला. पडद्यावर प्रश्न उभा होता: प्रोग्रामबरोबर वापरणाऱ्याची माहितीही काढून टाकायची का? त्याचं बोट 'हो'वर होतं.

"हात काढ!" निलम इतक्या जोरात ओरडली की अंगणातल्या बायका दारात आल्या.

बालाजीनं हात काढला. "ओरडून काहून राहिली? खराब झालंय ते."

"त्याच्यातच तुझ्या काकाचा आवाज हाय. हो म्हणला असतास, तर दोनशे सहाच्या दोनशे सहा गेली असती."

पोराचा चेहरा पांढरा पडला. खाटेवर बसलेल्या सटवाजीनं मानेवरचा रुमाल घट्ट धरला. त्यानं पाटीवर खडूनं लिहिलं, 'वैष्णवीचं वाक्य'. निलमनं ते वाचलं आणि नुसती मान हलवली.

आधी तिनं पेनड्राइव्ह लावून सगळं फोल्डर उतरवून घेतलं. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत तिनं कुणाला लॅपटॉपजवळ फिरकू दिलं नाही. मग लॅपटॉपवर दुसऱ्याच नावाचं खातं उघडलं. तिथं प्रोग्राम झटक्यात सुरू झाला. म्हणजे प्रोग्राम ठणठणीत होता, बिघाड सटवाजीच्या खात्यात होता. तिथली सेटिंगची फाईल तिनं उघडली. आकार बराबर भरत होता, पण आत एक अक्षर नव्हतं, नुसती कोरी जागा. पुसली नाही. नावापुढं 'जुनी' लिहिलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. नवी फाईल आपोआप तयार झाली, खिडकी उघडली.

पण सगळी बटणं कोरी. वाक्यं जागेवर होती, मात्र त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. एक ते दोनशे सहा. घड्याळात पावणेदहा.

"एकेक ऐकावं लागंल," निलम म्हणाली.

आणि त्या घरात तीन वर्षांपूर्वीचा सटवाजी बोलू लागला. "चहा साखर कमी." "कोण आलंय?" "मंजुळे, पाय दाब." मंजुळाबाई लाजून आत पळाली. "हिंगोली हिंगोली हिंगोली!" लागलं तेव्हा अंगणात कुणीतरी हसलं, आणि सटवाजी मात्र ओठ हलवत राहिला. निलम ऐकायची, बटणावर बसवायची, पुढं जायची. मध्येच लाईट फडफडली. तिनं दर दहा वाक्यांनी जतन करायला सुरुवात केली.

पाहुणे साडेदहालाच आले. दसरा म्हणून रस्ता मोकळा मिळाला म्हणे! तेव्हा नव्वद वाक्यं झाली होती आणि वैष्णवीचं सापडलं नव्हतं.

"काकांच्या वतीनं मी बोलतो की," बालाजी हळूच म्हणाला. सटवाजीनं पाटीवर मूठ आपटली. पाटीचा कोपरा उडाला.

बाहेर चहा फिरला, सोयाबीनच्या भावाच्या गप्पा झाल्या, गप्पा संपल्या. आत निलम आता वाक्याचा पहिलाच शब्द ऐकून पुढं जात होती. मला भीती वाटली की घाईत तेच सुटेल. मी म्हटलं, "नेमकं काय शोधून राहिलीस, मला तरी सांग. दोघी ऐकू." ती म्हणाली, "सापडलं की कळंल. सात वेळा भरलं होतं त्यांनी ते."

एकशे अठ्ठ्याऐंशी. पहिला शब्द ऐकला आणि तिनं लगेच थांबवलं. "हेच."

लॅपटॉप अंगणात नेला. वायर पुरेना म्हणून जोडबोर्ड लावला, त्याचं भोक ढिलं. हात सोडला की पिन निसटायची. निलम उंबऱ्यात खाली बसली आणि पिन धरून राहिली.

मुलाच्या चुलत्यांनी सुपारी पुढं ठेवली. "बोला सटवाजी, तुमाला पसंत हाय का?"

सटवाजीनं बटण दाबलं. भरदार, खणखणीत आवाज आला, गल्लीतसुद्धा ऐकू गेला असेल.

"पाव्हणं, मला न्हाई इच्चारायचं. राहायचं तिला हाय. आधी माझ्या वैष्णवीला इच्चारा, माझ्यासमोर. ती न्हाई म्हणली तर सुपारी तशीच परत न्या, राग न्हाई."

मंजुळाबाईनं पदर तोंडाशी नेला. बालाजी जमिनीकडं बघू लागला. एवढ्या बोलण्यांत, एवढ्या बैठकांत त्या लेकराला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि मीही नव्हतंच.

चुलते घुटमळले, मग वैष्णवीकडं वळले. "पोरी, तुला पसंत हाय का?"

वैष्णवी पाहुण्यांकडं बघतच नव्हती, बापाकडं बघत होती. "पसंत हाय," ती म्हणाली. "पर माझं नर्सिंगचं शेवटचं साल झाल्यावर."

चुलत्यांच्या कपाळाला आठी पडली. पण नवरा मुलगाच म्हणाला, "मी थांबतो, काका." मग सुपारी फुटली आणि सगळे एकदम बोलायला लागले.

मी उंबऱ्याकडं वळले. निलमनं ती पिन अजून दोन्ही हातांनी दाबून धरली होती आणि ती ढसाढसा रडत होती.

"सोड आता. झालं सगळं," मी म्हटलं.

"इच्चारलं, मावशी," ती म्हणाली. "तिला इच्चारलं."