चिंचेनं घासलेलं नाणं

बाजाराचा दिवस उजाडला की मला धसकाच बसतो. धानपट्ट्यातल्या आमच्या गोरेगावचा बाजार आटोपून, पिशवीत वांगी-मिरच्या घेऊन लोक माझ्या ओसरीवर येतात आणि रुमालाची गाठ सोडतात. जुनं नाणं लाखात जातं, असं कुणीतरी मोबाइलवर सांगितलेलं असतं. बँकेत जन्मभर कॅशियर होतो. निवृत्त झाल्यावर परदेशी नाणी जमवायची हौस लागली, नागपूरहून जाडजूड कॅटलॉग आणला, आणि आता ती हौस गळ्यात पडली आहे.

कॅटलॉगात जादू काही नसते. देश, धातू, वजन, व्यास, चित्र आणि शेवटी किमतीचे रकाने. एका टोकाला झिजलेल्या नाण्याचा भाव, दुसऱ्या टोकाला कोऱ्याचा. लोकांचं बोट नेमकं कोऱ्याच्या आकड्यावर जातं. आमच्याकडे कोरं नाणं उरतं कुठे? घरात आलेलं नाणं देवापाशी जातं आणि दर लक्ष्मीपूजनाला चिंच-राख लावून लख्ख घासलं जातं. घासलं की भाव उतरतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी दारावर पाटी लावली: नाणी घासू नका. ती कुणी वाचत नाही.

यंदा दिवाळी तोंडावर आली असताना चोरखमारा गावाकडचा एक म्हातारा आला. लवकर पिकणारा हलका धान कापून मोकळा झाला होता. त्यानं माझ्या हातावर एक पांढरी चकती ठेवली. ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

"काऊन घासलं हे? आता कोणी फुकटही घेणार नाही," मी खेकसलो.

"इकाचा नाही जी सायेब. कोन्या देशाचा शिक्का हाये, येवढंच सांगा."

त्याचा मोठा भाऊ तरणा असताना बापाशी भांडून घर सोडून गेला होता. काही वर्षांनी एक अनोळखी माणूस विचारत विचारत घरी आला. तुमच्या मुलाला जहाजावर काम मिळालं, बरा आहे, म्हणाला आणि हे नाणं बापाच्या हातात दिलं. बापाचा राग गेला नव्हता. त्यानं त्या माणसाला बसही म्हटलं नाही, कुठून आलास हेही विचारलं नाही. त्यानंतर भावाची काही खबर नाही. आईबाप गेले, नाणं याच्याकडे राहिलं.

"आता माहा काई भरोसा नाही. भाऊ कोठवरी गेला होता, थे तं मालूम व्हावं."

मी वजनकाटा मांडला, व्यास मोजला. वजन कुठल्याच देशाशी जुळेना, कारण इतक्या वर्षांत राखेनं किती खाल्लं कोण जाणे. तेवढ्या व्यासाची नाणी चार समुद्रांपलीकडच्या देशांत निघाली. उन्हात तिरपं धरलं तर काठाशी एक वळण दिसायचं. तो पक्ष्याचा पंख असेल, नाहीतर झाडाचं पान. तोवर म्हातारा कॅटलॉगातली चित्रं पाहत होता, ताडाच्या झाडांवर, गलबतांवर बोट ठेवत होता.

मी थकलो होतो. कुठल्याही देशाचं नाव घेतलं असतं तर तो सुखानं घरी गेला असता आणि मीही सुटलो असतो. एक नाव अगदी ओठावर आलं. पण पुढे तो ज्याला त्याला तेच नाव सांगत राहिला असता, आणि ते माझ्याच्यानं होईना. मला त्याची कीव आली आणि त्या जाड पुस्तकाचा वीट आला.

"नाही कळत," मी म्हटलं. "छापच राहिला नाही."

त्यानं नाण्यावरून अंगठा फिरवला.

"मंजे आमीच घासून टाकला थो." त्यानं रुमाल मांडीवर पसरला. "माय दरसाल सगळ्यायच्या आंधी हाच घासे. माह्या लेकाची दिवाळीची आंघोळ, म्हने. थे गेल्यावर मी घासून राहिलो."

त्यानं नाणं रुमालात बांधलं, उठला, आणि माझ्या त्या पाटीखाली थांबून विचारलं,

"मंग अवंदा घासू का नोको?"

"घासा," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी तेच घासा."