इस्त्रीवाल्यांच्या मुलीचे चाळीस फोटो

धंदा फोटो काढण्याचा, पण अख्खी गल्ली त्यांना इस्त्रीवाले म्हणायची. स्टुडिओत शिरलेला माणूस कितीही चुरगळलेला असो, फोटो बाहेर पडायचा तो कडक इस्त्रीचा. सुरकुत्या, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं ते आधी ब्रशने आणि पुढे कॉम्प्युटर आल्यावर माऊसने पुसून टाकत. मूळ फोटो लगेच खोडायचा, ही त्यांची शिस्त. "माणसाला त्याचा खरा चेहरा दाखवला की तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही," असं ते वर ऐकवत.

सगळ्यात जास्त इस्त्री त्यांनी फिरवली ती पोटच्या पोरीवर. तिच्या उजव्या गालावर कानापासून ओठापर्यंत भाजल्याचा डाग होता, तीन वर्षांची असल्यापासूनचा. पण घरातल्या भिंतीवर, अल्बमात, शाळेच्या ओळखपत्रावर तो कुठेच नव्हता. कुणी याला बापाची माया म्हणेल. म्हणणाऱ्याने जरा दम धरावा.

डागाची घरात एक ठरलेली गोष्ट होती. आई माहेरी गेलेली असताना पोरीने आगाऊपणा करून शेगडीवरचं दूध अंगावर ओढून घेतलं. आई अजूनही दूध तापत ठेवलं की म्हणे, "लांब हो गं बाई. एकदा पराक्रम केलास तेवढा पुरे." मुलगी निमूट लांब व्हायची. सातवीत असताना तिने या दुधाबद्दल आईची माफीसुद्धा मागितली होती.

तर ही मुलगी आता जहाजावर शिकायला निघाली होती. चार महिने, अकरा बंदरं, जहाजातच वर्ग आणि जहाजातच परीक्षा. अख्ख्या कॉलेजातून तिची एकटीची निवड झाली होती. इस्त्रीवाले तर हवेतच होते. "हनुवटी वर घ्या, आमची मुलगी जहाजावर चाललीय," असं ते समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगत.

"पोहता येतं का तिला?"

"मग जहाज कशाला आहे हो?"

आईने बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली. लोकरीचे मोजे, उलटीच्या गोळ्या, कपडे वाळत घालायला दोरी. मुलगी पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला घेऊन बोळातून झुलत चालायची. डोलणाऱ्या जहाजाची सवय म्हणे! एकदा चालता चालता ती बोलून गेली, "तिथे पहिल्या दिवशी सगळे गालाकडे बघतील. दुसऱ्या दिवशीही बघतील. पण चार महिने कोण बघत बसणार, बाबा? कंटाळतील." इस्त्रीवाल्यांनी पंखा किती आवाज करतो, हा विषय काढला.

बंदरागणिक परवाने लागत होते, म्हणून चाळीस फोटो हवे होते. ते त्यांनी काढले. इस्त्री करूनच काढले, हात दुसरं काही जाणतच नव्हता.

जहाज सुटायला दोन दिवस असताना कागद तपासायला बोलावणं आलं. कचेरीतल्या बाईंनी फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"ही कोण, बहीण का तुमची?"

"मीच आहे."

"पासपोर्टवरही हीच?"

"हो. तोही बाबांनीच काढलाय."

रांगेत कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "खूण जुनी आहे असं दाखवणारा छापील फोटो आणा, नाहीतर दवाखान्याचा कागद. पाचच्या आत. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला जाईल."

घरी एकवीस अल्बम जमिनीवर आले. बारसं, सहली, मावशीचं लग्न, सतरा वाढदिवस. सगळीकडे गाल कसा लख्ख! "एकात तरी मी असेन ना, बाबा?" मुलगी पानं उलटत विचारत राहिली. आई डोळे पुसत म्हणाली, "तेव्हा दुधाला हात लावला नसतास तर आज ही वेळ आली असती का?"

इस्त्रीवाले उठून स्टुडिओत गेले आणि स्टुलावर बसून राहिले. दूध कधी सांडलंच नव्हतं. एका स्पर्धेसाठी त्यांनी पोरीला याच स्टुलावर बसवलं होतं आणि दिव्याचा स्टँड कलंडला होता. दवाखान्यात खरं सांगावं लागलं, ते डॉक्टरांनी लिहून ठेवलं. तो कागद खणात होता. फाडावा असं शंभरदा मनात आलं होतं, पण सही-शिक्क्याच्या कागदाला हात लावायला ते धजावले नव्हते. आज नाही दिला, तर पोरगी घरीच राहील आणि कुणाला काही कळणार नाही. हा विचार त्यांना क्षणभर गोड लागला, मग स्वतःचीच किळस आली.

सव्वाचारला त्यांनी कागद पाकिटात घालून चिकटवला. "सापडला. उघडू नकोस, जुना आहे, फाटेल." कचेरीत फक्त शिक्का बघतील, अशी त्यांची समजूत.

पण तिथली पद्धत वेगळी होती. बाई एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि समोरच्याने "बरोबर" म्हणायचं.

"वय तीन वर्षे."

"बरोबर."

"उजवा गाल."

"बरोबर."

"फोटो स्टुडिओतील तापलेला दिवा चेहऱ्यावर पडून. दिवा पडताना मूल जागचे हलले नाही."

मुलीने मागे उभ्या असलेल्या बापाकडे वळून पाहिलं. बाईंनी पेन टेबलावर आपटलं. "मागे रांग आहे. बरोबर की चूक?"

"बरोबर," ती म्हणाली. बाईंनी शिक्का मारला.

जिन्यात मुलगी थांबली. "मी हलले का नाही?"

इस्त्रीवाल्यांना खोटं सुचेना. "मी सांगितलं होतं. फोटो निघेपर्यंत हलायचं नाही म्हणून."

ती दोन पायऱ्या उतरली. "आणि निघाला का?"

"काय?"

"फोटो."

"निघाला," ते म्हणाले. "पहिला नंबर आला."

तिने कागद बॅगेत ठेवले, चेन लावली. "परवा बंदरावर आई येईल. तुम्ही दुकान उघडा."