पंचनाम्यात नसलेलं हेल्मेट

ती सकाळ आजही मनातून जात नाही. खडकीत सायकलवरून कामावर निघालेल्या एका फिटरना टेम्पोने उडवलं आणि टेम्पो पसार झाला. मी पोहोचेपर्यंत जखमीला रुग्णालयात हलवलं होतं. दुचाकीच्या अपघातात पंचनाम्याचं एक वाक्य आमचं ठरलेलं असे. सवयीने तेच हवालदाराला सांगितलं, 'हेल्मेट नव्हते.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतही तेच छापून आलं. जणू चूक फिटरचीच.

त्यांच्या पत्नी पोलीस ठाण्यात आल्या.

"अहो साहेब, सायकलला हेल्मेटची सक्ती कुठल्या कायद्यात आहे, ते तरी दाखवा. शिवाय ह्यांनी घातलं होतं. पट्टा मीच लावून दिला."

"बाई, तपास आम्हाला करू द्या."

"करा ना. सुरू झाला की कळवा."

लोकांनी पाहिलेल्या निळ्या टेम्पोबद्दल आम्ही गॅरेजवाल्यांना कळवून ठेवलं होतं. पुढे लोणी काळभोरहून एकाचा फोन आला. "साहेब, निळा टेम्पो हाय. डावा आरसा फुटला म्हणून घाईनं नवा बसवून नेला. जुना माझ्याकडंच पडलाय."

चालकाला आणलं. 'खडकीत गेलोच नाही,' यापुढे तो सरकेना. शेवटी मी कडाडलो, "उघड्या डोक्याच्या माणसाला उडवून पळालास!"

"उघडं कुठं, साहेब? हेल्मेट होतं की! म्हणून तर गाडी जवळनं काढली. हेल्मेटवाला सराईत असतो, डगमगत नाही. साधा सायकलवाला असता तर लांबनंच..."

त्याने जीभ चावली. वर्तमानपत्रांत तर 'हेल्मेट नव्हते' असंच छापलं होतं; ते होतं, हे त्याला तिथे असल्याशिवाय कळणार नव्हतं.

पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. रुग्णालयाने दिलेली जखमीच्या कपड्यांची पिशवी मुद्देमालात तशीच पडून होती. पंचांसमक्ष उघडली. आत तडकलेलं पांढरं हेल्मेट, उजव्या बाजूला निळा ओरखडा! प्रयोगशाळेत तो रंग जुन्या आरशाच्या निळ्या चौकटीच्या रंगाशी तंतोतंत जुळला.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी नेमकं बोट ठेवलं. "पंचनाम्यात तर हेल्मेट नव्हतं?"

"होतं. माझी नजरचूक," मी म्हणालो.

तरीही शिक्षा झाली. फिटर काठी टेकत निकाल ऐकायला आले होते. इतक्या ताठ मानेने मी न्यायालयातून क्वचितच बाहेर पडलो असेन. दारात त्यांच्या पत्नी भेटल्या. "अभिनंदन, साहेब. सापडलं म्हणायचं एकदाचं!"

नजरचूक व्हायला निदान नजर टाकावी लागते. मी टाकलीच नव्हती. हे आज प्रथमच लिहितो आहे.

हेल्मेटची सक्ती हवी का, असं लोक विचारतात. जरूर घाला, फिटरचं डोकं त्यानेच वाचवलं. पण तेच पाहून टेम्पोवाल्याने अंतर कमी केलं होतं. आता गाडी चालवताना पुढे सायकल दिसली की स्वाराच्या डोक्यावर काय आहे, ते मी पाहत नाही. आधी जागा सोडतो.