घराभोवतीचं रान

कारंज्याला मुलींच्या शाळेत शिकवायची, त्या काळात मी घरांची चित्रंही काढून देत असे. माणसांसाठी फोटोवाला होता, पण रंगीत घर हवं असलं की लोक माझ्याकडे येत. माझी एक खोड होती. मी घर दुरून काढायची, शेत, झाडं, आभाळ यांच्यात ते जसं बसलेलं असतं तसं. नुसतं घर काढलं तर ते दुकानात मांडलेल्या डब्यासारखं दिसतं, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

लोकांना हे अजिबात पटत नसे. चित्र ठरलं की आधी ते भिंतींना चुना देत, मग म्हणत, सगळं दिसलं पाहिजे. एका पाटलांनी विचारलं, "बाई, मांगचा गोठा काहून नाही काढला?" समोर बसलं की मागचा गोठा दिसत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी त्यांनी बैलच पुढच्या दाराशी आणून बांधला. तो मी मुकाट्यानं काढला.

गावाच्या कडेला एका मुसलमान कापूस व्यापाऱ्याचं घर होतं. त्यांची नात माझ्या वर्गात, म्हणून माझं जाणंयेणं होतं. नवराबायकोला मी चाचा-चाची म्हणायची. चाचींचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा अधू होत चालला होता. एकदा त्यांनी मला आत बोलावून घेतलं.

"बाई, माह्या घराचं चित्र काढा. नवरी होऊन आली ते दमणीत, पडद्याच्या बैलगाडीत. माहेरले गेली तेबी तशीच. हे घर बाह्यरून कसं दिसते, मले ठाऊक नाही. डोये जाच्या आंधी पाह्यचं हाय."

मी नाल्यापलीकडे सतरंजी टाकून बसले. समोर काळी जमीन, कापूस फुटलेली पऱ्हाटी, मग कडुलिंब आणि त्याच्याआड घर. चाचींची नजर आठवून घराच्या कडा जरा ठळक केल्या. मोठं मात्र केलं नाही. चित्र घेऊन गेले तर चाचांनी सुताराकडून चौकट आधीच करून आणली होती, हातभर लांब. कागद तिच्यात मावेना.

"घर काढाले सांगतलं होतं, तुमी तं पऱ्हाटीच काढली," चाचा म्हणाले. "आभाय तं अंगणातूनबी दिसते. ते भिंतीवर कायले लावाचं?" त्यांनी कात्री मागवली. घराभोवतीचं कापून टाकलं की चौकटीत नेमकं बसलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चित्र त्यांचं होतं.

"थांबा, मले आंधी पाहू द्या," म्हणत चाचींनी कागद खिडकीशी नेला आणि डोळ्याला लावल्यासारखा धरला. घर त्यांना लगेच सापडलं. मग त्यांचं बोट कौलांवरून खाली आलं, पऱ्हाटीतून नाल्यापर्यंत गेलं, तिथून वर आभाळात. पुन्हा खाली आलं.

"एवढं सारं होतं बाह्यर?" त्या म्हणाल्या.

मला रडू आलं.

"कापू नका. चौकट दुसरी करा," त्यांनी चाचांना सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तुमी जिथं बसल्या होत्या, तिथं माहं बोट ठेवा."

मी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कडेवर, नाल्याच्याही खाली, जिथं काही काढलेलं नव्हतं, तिथं टेकवलं.

"मले तिथं न्या," त्या चाचांना म्हणाल्या. "दमणीचे पडदे वर बांधून ठेवा. अन् उद्या नाही, आजच. अजून दिसते मले."

चाचांनी कात्री कोनाड्यात ठेवली आणि गाडीवानाला हाक मारली.