डभोईची कादंबरी आणि माझी घोडेस्वारी

केमिस्ट्रीचे क्लास बंद केले त्याच महिन्यात मी जाहीर केलं, की आता मी ऐतिहासिक कादंबरी लिहिणार. प्रेमकथा. घोडे, तलवारी, तटबंदी, चांदणं, सगळं. जाहीर केलं ते सोसायटीच्या हळदीकुंकवात. बडोद्याच्या आमच्या कारेलीबागेत एखादी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचवायची असेल तर याहून बरी जागा नाही. शेजारच्या मंदाताईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवत विचारलं, "प्रेमकथा कोणाची? तुमची?" मी म्हटलं, "छे, चांगली."

कादंबरी डभोईत घडणार हे मात्र पक्कं होतं. माझे वडील डभोईच्या रेल्वे स्टेशनवर नोकरीला होते आणि सहावीपर्यंत मी तिथेच वाढले. स्टेशनाची बैठी क्वार्टर्स, खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी, कापसाच्या गासड्यांचा वास, गावाभोवतीचा जुना तट आणि त्याचे कोरीव दरवाजे. त्यातली हिरा भागोळ तर माझ्या मते जगातला सर्वांत सुंदर दरवाजा. पुढे वडिलांची बदली बडोद्याला झाली. जेमतेम तासाभराचं अंतर, पण लग्न, मुलगी, क्लास या सगळ्यात मी डभोईला परत म्हणून गेले नाही. त्यामुळे डभोई माझ्या मनात अगदी ताजं होतं, आणि खोटंही. पण हे मला नंतर कळलं.

नायक ठरला रायाजी. पेशवाईच्या काळातला तरणाबांड मराठा शिलेदार. नायिका रळियात, डभोईच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी. पहिल्या प्रकरणात रायाजी भरधाव घोड्यावरून हिरा भागोळीतून बाहेर पडतो, समोर सूर्य मावळतोय, आणि त्या लाल उजेडात डोक्यावर घागर घेतलेली रळियात उभी. मी स्वतःच ते वाचून गहिवरले. मग पुण्यात असलेल्या मुलीला, भक्तीला, सगळं प्रकरण फोनवर वाचून दाखवलं. रायाजी म्हणतो, 'हे चारुगात्री, तुझ्या नेत्रसरोवरी माझ्या हृदयाचे तारू भरकटले आहे,' तिथे मी मुद्दाम थांबले.

"आई," भक्ती म्हणाली, "ती मुलगी गुजराती आहे ना?"

"हो."

"मग तिला यातलं काय कळलं?"

"प्रेमाची भाषा कळते गं."

"आई, मी जन्मभर मराठी बोलतेय, मला नाही कळली."

मी फोन ठेवला आणि मनाशी म्हटलं, नवीन पिढी. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण घरातही एक वाचक होता. आमचे हे, म्हणजे प्रतापसिंह, यांचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते. घोड्यांशी या घराण्याचा आता उरलेला संबंध म्हणजे दिवाणखान्यातलं दिनदर्शिकेवरचं घोड्याचं एक चित्र. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर चढवून हातात पेन्सिल घेऊन वाचणारे. तिसऱ्या प्रकरणापाशी त्यांनी खाकरून विचारलं, "रायाजी चहा पितो?"

"थंडी आहे ना तेव्हा."

"त्या काळात चहा कुठून आणलास?"

मी चहा काढला आणि दूध घातलं. पुढच्या पानावर लग्नाच्या पंगतीत बटाट्याची भाजी निघाली. तीही काढली. रळियातची आई टोमॅटो घालून डाळ करत होती, टोमॅटो गेला. असं करत करत माझ्या कादंबरीतले लोक उपाशी मरायची वेळ आली. मग मी ग्रंथालयात जाऊ लागले. त्या काळच्या जकातीवर, कापसावर, तोफांवर जाड जाड पुस्तकं काढून बसायचे. दुपारचा पंखा, समोर जकातीचे दर, आणि माझी मान हळूहळू पुस्तकावर. घरी सांगायचे, "आज खूप संशोधन झालं." हे माझ्या गालावर उमटलेली पुस्तकाच्या कडेची रेघ बघायचे आणि पेन्सिलीला टोक काढायचे.

शेवटी यांनीच सुचवलं, "तुझं डभोई एकदा बघून तर येऊ." आम्ही बसने गेलो. गाव वाढलं होतं, मोटरसायकली, मोबाइलची दुकानं, पण हिरा भागोळ होती. दगडातल्या त्या बारीक कोरीव आकृती बघून माझे डोळे खरंच भरून आले. संध्याकाळ होत आली होती. मी यांचा हात धरून त्यांना दरवाजातून बाहेर नेलं आणि म्हटलं, "आता बघा, इथे समोर सूर्य मावळेल."

समोर आकाश करडं होत गेलं. हे थोडा वेळ बघत राहिले, मग मागे वळले. "निरू, तो तिकडे मावळतोय. गावाच्या पलीकडे. हा दरवाजा पूर्वेला आहे."

मी अख्ख्या कादंबरीत सूर्य सात-आठदा तरी पूर्वेला मावळवला होता. जिने आयुष्यभर मुलांना सांगितलं, की प्रयोगवहीत दिसतं तेच लिहा, मनातलं लिहू नका, तिने. मी तिथल्या दगडावर बसले आणि हसायला लागले. हेही हसले. दरवाजातून शेळ्या घेऊन जाणारी बाई आमच्याकडे संशयाने बघत निघून गेली.

दुसरा धक्का बाजारात बसला. रळियात माझ्या मनात कोणासारखी होती, तर माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीसारखी. तिचं नाव जशी. क्वार्टरच्या मागच्या गल्लीत राहायची, गुडघ्यापर्यंत वेणी, चिंचेच्या झाडावर माझ्या आधी चढणारी. तिचं लग्न डभोईतच झाल्याचं कधीतरी ऐकलं होतं. विचारत विचारत एका मसाल्याच्या दुकानापाशी पोचले. गल्ल्यावर बसलेल्या बाईचे केस पांढरे, कापलेले, अंगाने चांगली भरलेली, आणि ती कोणालातरी फोनवर झाडत होती. मी नुसतं "जशी?" म्हटलं. तिने फोन खाली ठेवला.

"अली निरूडी! तुं?" ती गुजरातीत ओरडली आणि गल्ल्यामागून बाहेर येऊन तिने मला अशी मिठी मारली, की माझ्या साडीला पुढे आठवडाभर हळदीचा वास होता.

तिने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. बोलणं सगळं गुजरातीतच. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला. दोन मुलगे लहान. सासरच्यांनी दुकान विकायला काढलं होतं, तर हिने किल्ली कमरेला लावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शटर वर केलं. हे सगळं तिने पापड भाजता भाजता, मसाल्याच्या भावाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी काय करते विचारलं, तेव्हा मला एकदम लाज वाटली. तरी सांगितलं, की गोष्ट लिहितेय, डभोईची, आणि त्यातली मुलगी तुझ्यासारखी आहे. ती हरखली. "पछी? मग काय होतं तिचं?"

मी दुःखी आवाजात सांगितलं. रायाजी लढाईत जातो, तो मेल्याची खोटी बातमी येते आणि रळियात तळ्यात उडी घेते. शेवट मला फार करुण जमला होता.

जशीने पापड तव्यावरच सोडला. "मारी नाखी? माझ्यासारखी म्हणालीस आणि मारून टाकलीस?"

"तशी प्रेमकथेत..."

"काही बिनसलं की मरायचं असतं का? मग दुसऱ्या दिवशी दुकान कोण उघडणार?"

पापड जळला. परतीच्या बसमध्ये, बडोदं जवळ आल्यावर, हे म्हणाले, "तळ्याचं प्रकरण काढ. तिथे पेन्सिलीने खूण मी आधीच केली होती. बोलायचा धीर झाला नाही."

मग मी नव्याने लिहायला बसले. पण आता रायाजीच अडला. रळियात जिवंत, कणखर, हळदीच्या वासाची, आणि समोर हा तारू भरकटलेला पुतळा. मला वाटलं, आपण कधी घोड्यावर बसलोच नाही, म्हणून हा माणूस खरा वाटत नाही. हे मी जेवताना बोलले. "पागेच्या घरातली सून तू," हे म्हणाले, "तुला कोण अडवणार?"

हरणी रस्त्याला करसनभाईंचा तबेला आहे. ते लग्नाच्या वरातीसाठी घोड्या देतात. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. भक्तीची जुनी ट्रॅक पँट, वर कुर्ता, पायात चालायचे बूट. "बेन, नवरदेव कोण?" मी संशोधन समजावलं. त्यांनी बिजली नावाची पांढरी घोडी बाहेर काढली. "एकदम गरीब आहे," म्हणाले. मला वर चढवायला स्टूल, करसनभाई आणि आमचे हे, तिघं लागले.

वर बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की घोडा फार उंच असतो. दुसरी ही, की तिथून तुम्हाला चांदणं वगैरे काही सुचत नाही. फक्त मांड्या सुचतात. तरी बिजली शांतपणे चालली. मी मान ताठ केली. क्षणभर मला वाटलं, मीच रायाजी. तेवढ्यात पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बँडवाल्यांनी सरावाला सुरुवात केली.

बिजलीने कान टवकारले, आणि मग ती नाचायला लागली. तिचा दोष नव्हता. तिला जन्मभर तेच शिकवलेलं. पुढचे पाय उचलून, ठेका धरून, जागच्या जागी गोल. मी लगाम सोडून तिच्या मानेला दोन्ही हातांनी कवटाळलं. हे ओरडत होते, "लगाम धर, निरू, लगाम!" करसनभाई ओरडत होते, "बेन, गभराशो नहीं!" रस्त्यावरची रिक्षा थांबली. त्यात मंदाताई होत्या. बँड थांबला तेव्हा मी घोडीच्या एका बाजूला लोंबकळत होते. यांनी मला खाली उतरवलं आणि पुढचा आठवडा माझ्या कमरेला मलम चोळलं.

त्या आठवड्यात पालथं पडून मी रायाजीला घोड्यावरून पाडलं. माझा शिलेदार घोड्याला घाबरू लागला. थोर घराण्यातला, सगळे त्याच्याकडे डोळे लावून असलेले, आणि हा गुपचूप पहाटे तटाबाहेर सराव करतो आणि पडतो. रळियात ते बघते आणि हसते. तो चिडून मराठीत काहीतरी बोलतो, तिला कळत नाही. ती गुजरातीत काहीतरी म्हणते, त्याला अर्धंच कळतं. सूर्य तेव्हा हिरा भागोळीसमोर उगवत असतो. तिथून पुढे दोघं आपापली चालू लागली. मी फक्त मागे मागे लिहीत गेले.

कादंबरी एका लहानशा प्रकाशकाने काढली. प्रकाशन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. लोक बरेच आले, कारण खायला ओल्या तुरीच्या दाण्यांची लीलवा कचोरी होती. मंदाताईंनी पुस्तक चाळून सांगितलं, "कागद छान आहे." नंतर त्यांनी ते वाचलंही. रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "घोड्याचं प्रकरण अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं." भक्तीने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, यावेळी मला सगळं कळलं." मी हे वाक्य दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते. दुधवाल्यालाही.

एक प्रत घेऊन मी डभोईला गेले. जशीने पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पहिलं पान उलटलं आणि माझ्याकडे बघितलं. लिपी तिला थोडीफार लागत होती, पण मराठी येत नव्हती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जिच्यावर लिहिलं तिलाच वाचता येणार नाही असं पुस्तक लिहायला खास अक्कल लागते.

"तूच सांग ना मग," जशी म्हणाली. तिने गल्ल्यावर मोठ्या सुनेला बसवलं आणि माझ्यासमोर मांडी ठोकली.

मी पुस्तक उघडलं आणि गुजरातीत सांगू लागले. सुरुवातीला एकेका वाक्याचं भाषांतर करत. मग मान वर केली आणि पुस्तक मांडीवरच राहिलं. लहानपणी चिंचेखाली बसून आम्ही ज्या भाषेत भांडायचो तीच ती भाषा. रायाजी पडला तेव्हा जशी मोठ्याने हसली. खोटी बातमी येते तिथे ती हसायची थांबली. रळियात दोन दिवस दार लावून बसते, आणि मग उठून कापसाच्या गाड्या मोजायला बाहेर येते, एवढंच पुस्तकात आहे. पण मी सांगताना रळियात गाड्यांपाशी थांबली, एका गासडीवर हात ठेवून उभी राहिली, आणि गाडीवानाला म्हणाली, दोर सैल आहे, पुन्हा बांध. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं.

जशीने पदराने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली. "तसंच असतं."

घरी परतल्यावर मी ते सैल दोराचं वाक्य मराठीत लिहायला बसले. दोन-तीनदा लिहिलं, खोडलं. यांनी वाचून पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं आहे." म्हणजे जमलं नव्हतं. मी कागद बाजूला सारला आणि स्वयंपाकाला लागले. जी उत्तम झाली ती कादंबरी डभोईत, मसाल्याच्या दुकानाच्या आतल्या खोलीत, एका बाईने ऐकली आहे. बाजारात आहे ती दुसरी.