सोनईच्या विमानावरचे मीठ

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले : सांगणाऱ्याने कोणती शक्यता तपासायची सोडली, ते शोधण्यासाठी. बहुधा ती सापडतेच. मी धातूंच्या गंजण्यावर पीएच.डी. करते, अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तेव्हा तुम्हीही हे तशाच नजरेने वाचा. माझ्याकडून काही सुटले असेल, तर मला ते खरोखर हवे आहे.

सोनईजवळच्या एका कॉलेजच्या फाटकाशी चौथऱ्यावर सी हॅरियर विमान उभे आहे. आपल्या नौदलाने जहाजावरून आधी सी हॉक, मग सी हॅरियर आणि आता मिग अशी लढाऊ विमाने उडवली. त्यांतले हे मधले, सेवानिवृत्त. इंजिन काढलेले, चाके बोल्टने जखडलेली. समुद्र इथून घाटापलीकडे, दिवसभराच्या प्रवासावर.

माझे मामा नौदलात याच विमानांचे मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर सोनईला शेती करतात. विमान आले तशी त्याची देखभाल त्यांनी आपणहून अंगावर घेतली. नौदलाची एक रीत आहे – समुद्रावरून परतलेले विमान आधी गोड्या पाण्याने धुवायचे, कारण मीठ अॅल्युमिनियम पोखरते. मामा ही रीत इथे पाळू लागले. रोज सकाळी, ऐन उन्हाळ्यात, गावात टँकर येत असताना.

फाटकावरचा वॉचमन चिडवायचा, "काय फौजी, आज इमान कुठं जाऊन आलं?"

"फौजी न्हाई रं, नेव्ही. आन् कुठं गेल्तं ते मला ठावं न्हाई. पर मीठ हाय."

मामींचा फोन आला तो यावरूनच. "तुझा दादा बापाला पुण्याला न्यायचं म्हनतोय, डोक्याच्या डाक्टरकडं. तिथंच ठिवनार. घर सोडून हे जगायचे न्हाईत गं. तू तपासून सांग, मीठबीठ काय न्हाई म्हनून. तुझं ऐकतील."

मीठ नाही हे दाखवून दिले, की मामा धुणे थांबवतील आणि सोनईतच राहतील... हिशेब सरळ होता. मी मीठ तपासायचे किट घेऊन गेले.

"या शास्त्रज्ञबाई," मामा म्हणाले. "जीभ लावून बघा."

"मामा, जिभेचं कॅलिब्रेशन होत नाही."

"आमच्या नेव्हीतल्या चीफची जीभ हुती की कॅलिब्रेट!"

पंखाच्या पुढच्या कडेवरून मी कापूस फिरवला. क्लोराइड भरपूर! मी विचलित झाले नाही. या भागातल्या उसाच्या जमिनी खारवटलेल्या आहेत, बोअरचे पाणी खारट आहे, कारखान्याची काजळी उडते. तीन सरळ कारणे समोर होती.

म्हणून संध्याकाळी अख्खे विमान डिस्टिल्ड वॉटरने पुसले आणि पुन्हा तपासले : स्वच्छ. डावा पंख प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडा टेपने बंद केल्या, उजवा उघडा ठेवला. शेजारी तुलनेसाठी अॅल्युमिनियमचा कोरा पत्रा ठेवला.

सकाळी पत्रा स्वच्छ होता. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर मीठ होते, मागच्या कडेवर नव्हते... वेगाने हवा कापत गेल्यावर बसते, अगदी तसे. टेप जशीच्या तशी. प्लास्टिक सोडवले. डाव्या पंखावरही तेवढेच मीठ, आणि प्लास्टिकची आतली बाजू कोरडी, स्वच्छ.

नमुने लॅबला नेले. बोअरच्या पाण्याशी आणि काजळीशी ते जुळले नाहीत. सोडियम, मॅग्नेशियम, ब्रोमाइड – प्रमाण समुद्राच्या पाण्याचे होते. माझ्या गाइडनी 'नमुना दूषित' असा शेरा मारला. त्यांच्या जागी मीही तोच मारला असता. मी प्रयोग पुन्हा केला. निकाल बदलला नाही.

दादाचा फोन आला. "मग? बाबांना सांगितलंस का, मीठ नाही म्हणून?"

'नाही' म्हणणे सोयीचे होते. पण मामांना त्यांच्या जिभेवर संशय घ्यायला लावायचे, तेही हातात असा रिपोर्ट असताना... ते मला जमले नाही.

"मीठ आहे, दादा."

"आहे म्हणजे?"

"आहे म्हणजे आहे. कुठून येतं, ते मला सांगता येत नाही."

तो म्हणाला, "म्हणजे त्यांना भास होत नाहीये." पुण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आता मामांचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. सोनईला गेले की पंख मी धुते. ते खाली बादलीशी उभे राहून कुठे राहिले ते दाखवतात. मागच्या खेपेला न राहवून विचारलेच, "मामा, हे जातं तरी कुठे?"

त्यांनी फडके पिळले.

"ते पायलटनं बघावं. आपलं काम, आल्यावर धुवायचं."

माझ्याकडे याहून बरे स्पष्टीकरण अजून नाही. पंखाची पुढची कडा मात्र मी आता दोनदा पुसते.